बावटा क्रमांक सहा

गोव्यावर वादळ येत नाही, हे आमच्याकडे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला पुरावा मागायचं सुचत नाही. मागितलाच तर पुरावा असतोही. पेपरात येणाऱ्या नकाशात वादळाची रेघ लक्षद्वीपच्या आसपास उगवते, समुद्रातल्या समुद्रात वर सरकते आणि गुजरातेत नाहीतर ओमानात जाऊन थांबते. गोवा आपला उजव्या हाताला तसाच राहतो. माझी आत्या याचं श्रेय परशुरामाला द्यायची. त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही जमीन काढली, मग समुद्र पुन्हा इकडे कशाला पाय ठेवेल, असा तिचा सरळ हिशेब.

नावं घेऊन पाहू. नोव्हेंबर २००९ मधलं फयान अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलं. ऑक्टोबर २०१९ चं क्यार ओमानच्या दिशेने गेलं. जून २०२० चं निसर्ग रायगडात उतरलं. मे २०२१ चं तौक्ते गुजरातेत, दीव-उन्याजवळ. जून २०२३ चं बिपरजॉय कच्छमध्ये जखाऊ बंदरापाशी. यातलं एकही गोव्याच्या किनाऱ्यावर चढलं नाही. पण बेतीच्या आमच्या शेजाऱ्यांच्या छपराला, चोडणला भावाच्या भातशेतीला, मालीमच्या जेटीवरच्या होड्यांना विचाराल तर ती यादी निराळी निघेल. मला वाटतं, आपण नकाशाला भलताच प्रश्न विचारत बसतो. येणार की नाही? नकाशा याचं उत्तर देत नाही. तो सांगतो वादळ कुठल्या बाजूने जाईल, किती लांबून जाईल, आणि त्या वेळी वारा आपल्या अंगणात कुठून शिरेल. आमच्यासारख्या चिंचोळ्या मुलखाला तेवढंच कामाचं.

मी हायस्कूलात भूगोल शिकवते. समदाब रेषांचा, म्हणजे सारखा वायुदाब असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषांचा धडा आला की पुस्तक मिटायला लावते आणि फळ्यावर कोकणापासून कारवारपर्यंतचा किनारा काढून त्यावर ठिपके देते. प्रत्येक ठिपक्याशेजारी वायुदाबाचा आकडा, हेक्टोपास्कलमध्ये. रत्नागिरी १००६, पणजी १००५, होन्नावर १००३, असे काही. मग सांगते, आता १००४ ची रेषा काढा. पोरं आधी फळ्याभर १००४ शोधतात, तो कुठेच नसतो. थोडी कुजबुज होते. मग मागच्या बाकावरचा एखादा उठून पणजी आणि होन्नावरच्या बरोबर मध्ये रेघ मारतो, आणि तो बरोबर असतो. रेषा ठिपक्यांवरून जायची नसते, ठिपक्यांच्या मधून जायची असते. १००३ आणि १००६ च्या मध्ये १००४ हवी असेल तर अंतराचे तीन भाग करून पहिल्या भागाशी थांबायचं. इतकंच गणित आहे. पण हे गणित हाताने केलेल्या पोराला पुढे टीव्हीवरचा नकाशा देवाघरून आल्यासारखा वाटत नाही.

रेषा जमल्या की वारा. रेषा जितक्या दाटीने जवळ, तितका वारा जोराचा. हे सगळ्यांना लगेच पटतं. पुढचं पटायला वेळ लागतो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ धावत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती आपल्या गोलार्धात उजवीकडे वळते, आणि शेवटी कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत, थोडी थोडी आत शिरत राहते. याच कारणाने विषुववृत्ताला चिकटून वादळं तयार होत नाहीत. साधारण पाच अंशांच्या आत हे वळण फार दुबळं असतं.

एकदा एका मुलीने फळ्याच्या निळ्या खडूच्या भागाकडे बोट दाखवून विचारलं, "टीचर, दर्यांत कोणें मेजलें?" जमिनीवर वेधशाळा आहेत, मान्य. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर हवामान खात्याचं केंद्र आहे, तिथे रडारही आहे. पण समुद्रात मोजतो कोण? चांगला प्रश्न, आणि शंभर-दीडशे वर्षं या शास्त्राला छळलेला. पूर्वी जहाजं मोजायची आणि अजूनही मोजतात. अडचण अशी की वादळाची बातमी लागली की शहाणा कप्तान तिथून दूर जातो, म्हणजे जिथला आकडा सगळ्यात जास्त हवा तिथेच माप घ्यायला कुणी उरत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नांगरून ठेवलेले तरंगते बोये आहेत, ते थोडी भर घालतात. बाकी सगळी भिस्त वरून बघण्यावर.

वरून बघून वादळाचा जोर ठरवायची रीत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळलेत, मधोमध डोळा दिसतो का, त्याच्या भोवतीच्या ढगांचे माथे किती गार आहेत, यावरून एक अंक द्यायचा. आपल्या हवामान खात्याच्या पत्रकांत 'टी २.५' असं काहीतरी लिहिलेलं असतं ते हेच. टी १.५ म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, ज्याला पत्रकात डिप्रेशन म्हणतात, २.५ ला त्याचं चक्रीवादळ होतं आणि त्याला नाव मिळतं. अटलांटिकमध्ये वादळाच्या पोटात विमानं पाठवून मोजतात. अरबी समुद्रात तशी नेहमीची सोय नाही. इथला वाऱ्याचा बराचसा वेग चित्र पाहून ठरवलेला असतो. निष्णात माणसाने ठरवलेला, पण चित्र पाहूनच.

आणि त्या चित्रातल्या रंगांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात जे लालभडक दिसतं ते तापलेलं नसतं. ते सगळ्यात थंड असतं: उंच चढलेल्या ढगांचे माथे, शून्याखाली सत्तर-ऐंशी अंश. रंग आपण दिलेला, तो थंड भाग उठून दिसावा म्हणून दिलेला. बातम्यांत निवेदक त्या लाल डागाकडे बघून आवाज चढवतो तेव्हा मी टीव्हीचा आवाज उतरवते.

आता फोनमधल्या बॅरोमीटरचं. पुष्कळ फोनांमध्ये वायुदाब मोजणारा एक सेन्सर असतो, तो मुळात उंची समजण्यासाठी बसवलेला. एखादं साधं अ‍ॅप टाकलं की आकडा दिसतो. आमच्या पट्ट्यात हा आकडा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. ही हवेतली भरती-ओहोटीच, पण चंद्राची नव्हे, सूर्याच्या तापवण्याची. ज्याला हे ठाऊक नाही तो रोज दुपारी दाब पडला म्हणून घाबरेल. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची, सकाळच्या दहाशी नाही. हवामान खातंही चोवीस तासांतला फरक वेगळा काढून बघतं. शिवाय टेकडी चढलात की दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो. पर्वरीच्या पठारावरून बेतीच्या धक्क्यावर उतरताना माझ्या फोनला वाटतं हवा सुधारली. नकाशावरचे सगळे आकडे समुद्रसपाटीला आणून मगच रेषा काढलेल्या असतात, त्याचं कारण हे.

बाजूंचा विचार करणारा पहिला मोठा माणूस आपल्याच उपखंडात बसून काम करत होता. हेन्री पिडिंग्टन, कलकत्त्याच्या मरीन कोर्टाचा अध्यक्ष. बंगालच्या उपसागरातून मार खाऊन आलेल्या जहाजांच्या रोजनिशा त्याच्याकडे यायच्या. अमुक वाजता वारा पूर्वेचा, तमुक वाजता उत्तरेचा, इतकीच नोंद. एकाच वादळातल्या वेगवेगळ्या जहाजांच्या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या की त्या वर्तुळात बसतात, हे तो पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. 'सायक्लोन' हे नाव त्याचंच. पण मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. १८४८ मध्ये त्याने खलाशांसाठी हस्तपुस्तिका काढली आणि तिच्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या दिल्या. चकतीवर वाऱ्याचे बाण कोरलेले. एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण. कप्तानाने आपल्या नकाशावर चकती ठेवायची, आत्ताचा वारा ज्या बाणाशी जुळतो तिथे आपलं जहाज आणायचं, की वादळाचं केंद्र कुठल्या दिशेला आहे ते समजायचं. उपग्रहाच्या शंभरावर वर्षं आधी, खिशात मावणारं यंत्र. कलकत्त्याजवळ मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरलं तेव्हा ते वादळाच्या लाटेखाली जाईल असं त्याने सरकारला लिहून कळवलं होतं. बंदर बांधलं गेलं. १८६७ च्या वादळात ते गेलं. ते पाहायला पिडिंग्टन उरला नव्हता.

चकतीशिवायही हे जमतं. डच शास्त्रज्ञ बाईस बॅलट याने १८५७ मध्ये मांडलेला नियम आहे: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. वादळात हवा आत शिरत असल्यामुळे केंद्र डाव्या हाताच्या जरा पुढे धरायचं. मिरामारच्या वाळूत पोरांना उभं करून हे शिकवता येतं, मात्र वारा समुद्राकडून आला की अर्ध्यांना समुद्राकडेच तोंड करायचं असतं.

हेच शहाणपण बंदरांच्या बावट्यांत आहे. 'मुरगाव बंदरात तीन नंबरचा बावटा' ही बातमी आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि तीन म्हणजे दहातले तीन, असा अर्थ लावतो. तसं नाही. एकूण संकेत अकरा. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदराला धोका नाही, बाहेर जाणाऱ्या जहाजांनी जपावं. तीन आणि चार बंदरासाठी. पाचपासून गंमत सुरू होते: पाच म्हणजे वादळ बंदराला आपल्या डावीकडे ठेवून जाणार, सहा म्हणजे बंदर उजवीकडे राहणार, सात म्हणजे थेट बंदरावरून किंवा अगदी जवळून. आठ, नऊ, दहा हीच तीन उत्तरं, फक्त वादळ अधिक भयंकर. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. म्हणजे पाच आणि सहा यांत जोराचा फरक नाही, बाजूचा आहे. खलाशाला बाजू समजली की वारा पुढे कुठून कुठे फिरणार ते कळतं आणि दोर कुठल्या अंगाने आवळायचे तेही.

गोव्याचा बावटा बहुतेक वेळा सहाच्या जातीचा. वादळ समुद्रातून उत्तरेकडे चाललंय आणि आम्ही त्याच्या उजवीकडे. जुने दर्यावर्दी उत्तर गोलार्धात उजव्या अर्ध्या भागाला धोक्याचं अर्धवर्तुळ म्हणत, कारण तिथे वादळाच्या फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. आमच्या बाबतीत ही बेरीज मला फार महत्त्वाची वाटत नाही. अरबी समुद्रातली वादळं रमतगमत चालतात, ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या भरीने काय होणार? महत्त्वाची आहे दिशा. उजवीकडे असल्यामुळे वारा आम्हाला आधी दक्षिणेकडून आणि केंद्र पुढे सरकलं की नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून मिळतो. म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. पाणी, लाटा, पाऊस सगळं आत ढकलणारा. हेच वादळ आमच्या दक्षिणेला असतं तर वारा घाटावरून खाली आला असता आणि समुद्र किनाऱ्यापासून दूर लोटला गेला असता.

तौक्ते या हिशेबाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. १६ मे २०२१, रविवार. कोरोनाची दुसरी लाट भरात, सगळे घरातच. आदल्या दिवशी दुपारी चारला खाली गेलेला दाब रात्री दहाला जेवढा वर यायला हवा तेवढा आला नाही, आणि तेव्हाच मला समजलं की उद्या कपडे वाळत घालायचे नाहीत. पहाटे केंद्र पणजीच्या पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर होतं. वारा दक्षिणेचा. गच्चीच्या दारात वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले, तोंड उत्तरेला, डावा हात सरळ समुद्राकडे. नंतर वारा नैर्ऋत्येकडे फिरत गेला तसा डावा हात वायव्येकडे सरकत गेला, म्हणजे वादळ वर चाललं होतं. पेपरातल्या नकाशाप्रमाणे गोव्याला ते 'चाटून' जात होतं. त्या चाटण्यात राज्यात दोन माणसं दगावली, शेकड्यांनी झाडं आडवी झाली, विजेच्या तारा रस्त्यावर आल्या आणि काही गावांत दिवसेंदिवस पंखा फिरला नाही. नंतर कुणीतरी मला म्हणालं, बरं झालं, थोडक्यात टळलं. मी त्याला विचारलं, काय टळलं?

क्यारची तऱ्हा आणखी विचित्र. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ते रत्नागिरीच्या समोर समुद्रात रेंगाळलं आणि मग पश्चिमेला वळून दूर निघून गेलं. दूर गेल्यावर, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात इतकं मोठं झालं नव्हतं. म्हणजे जोर वाढला तेव्हा ते आमच्यापासून लांब होतं, आणि आमचं नुकसान केलं तेव्हा ते नुसतं बारसं व्हायच्या बेतात होतं. कापणीला आलेलं भात शेतात झोपलं. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांचे सांगाडे ताडपत्रीखाली आणि रंग वाळेना. २४ ऑक्टोबरला नाफ्था हे ज्वालाग्राही तेल असलेलं, माणूस नसलेलं 'नू शी नलिनी' हे जहाज नांगर तुटून दोनापावलला राजभवनाच्या खालच्या खडकांवर येऊन बसलं. (जहाज अडकणं आम्हाला नवं नाही. जून २००० मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतलेली 'रिव्हर प्रिन्सेस' दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच होती. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढायचे आणि किनारा तिच्या बाजूने खचत राहायचा.)

वाऱ्याची चाल बघायची तर वादळाच्या रेघेचा नाद सोडावा लागतो. नरकासुराच्या मिरवणुकीसारखं आहे ते: रथ कुठल्या रस्त्याने जाणार ते कळून भागत नाही, गर्दी कुठल्या गल्लीत शिरेल ते बघून गाडी लावावी लागते.

आणि काही वादळं काही न देता नेतात. जून २०१९ मध्ये वायू आमच्यापासून खूप लांबून वर गेलं. गुजरातने लाखो माणसं हलवली आणि ऐनवेळी ते किनाऱ्याला पाठ करून समुद्रातच विरलं. पण मान्सूनची ओल त्याने स्वतःभोवती गोळा करून नेली. केरळात ८ जूनला आलेला पाऊस गोव्यात पोचायला महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला. मृग कोरडा गेला, तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांना पाणी नाही, विहिरींनी तळ दाखवला. वादळाच्या बातम्यांत यातलं काही आलं नाही, कारण ती बातमी गुजरातची होती.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मोठं चक्रीवादळ आमच्या समुद्रात सहसा उभं राहत नाही, पाणी उबदार असलं तरी. खाली पश्चिमेकडून येणारे मान्सूनचे जोरदार वारे आणि वर बारा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारे. ढगांचा खांब वर चढता चढताच मोडतो. म्हणून वादळांचे दिवस दोन्ही कडांना: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे जून सोडला तर वादळाच्या दोन्ही मोसमांत बरेचसे ट्रॉलर पाण्यातच असतात.

आता अ‍ॅपांबद्दल. वारा सळसळताना दाखवणारे ते सुंदर नकाशे सगळ्यांच्याच फोनात आहेत, आणि त्यांचा मला राग नाही. मीही रात्री त्यांत बोटं घालत बसते. राग येतो तो दहा दिवसांनंतरच्या वादळाचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांचा. हवामानाचं गणित करणाऱ्या एखाद्या संगणकी मॉडेलच्या एका फेरीत कधीतरी समुद्रात राक्षस उगवतो, पुढच्या फेरीत सहा तासांनी तो नसतो. राक्षस गेल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही. म्हणून तर युरोपियन हवामान केंद्र एकच अंदाज काढून थांबत नाही. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून एक्कावन्न अंदाज काढतं आणि ते सगळे एका गुच्छात जातात की पंखासारखे पसरतात ते बघतं. बिपरजॉयच्या सुरुवातीला काही रेघा ओमानकडे, काही कराची-कच्छकडे. ज्याने एकच रेघ पाहिली त्याला खात्री होती. ज्याने सगळ्या पाहिल्या त्याला थांबायचं कळलं.

थांबल्यावरही चूक राहतेच. आपल्या हवामान खात्याचा चोवीस तास आधीचा वादळाच्या वाटेचा अंदाज अलीकडे सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरने इकडेतिकडे होतो. जगाच्या हिशेबात हे उत्तम काम आहे. आता गोवा मोजा. तेरेखोलपासून पोळ्यापर्यंतचा किनारा सुमारे एकशेपाच किलोमीटर. उत्तम अंदाजाची एका दिवसाची चूकच उत्तरेच्या पेडण्याहून जवळजवळ दक्षिणेच्या काणकोणात नेऊन सोडते. मॉडेलांना गोवा नीट दिसायलाही वेळ लागला. बारा किलोमीटरच्या चौकटीत आमच्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या वाट्याला ढोबळमानाने पंचवीसेक चौकोन यायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) घडवलेली सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शंभरएक. त्या शंभरातही डोंगरातली सत्तरी आणि किनाऱ्यालगतचं साळगाव एका स्वभावाचे नाहीत.

नकाशावर वादळापुढे जो रुंदावत जाणारा शंकू काढतात, तो ही चूक दाखवतो: केंद्र यात कुठेतरी असेल, इतकंच. तो वादळाचा आकार नाही, नुकसानीची हद्दही नाही. तौक्तेच्या वेळी माझ्या एका सहकारी शिक्षिकेने शंकूची कड झूम करून बघितली, ती वास्कोच्या थोडी बाहेर होती, आणि सुटकेचा श्वास टाकला. छापील सीमारेषेवर आपला फार विश्वास.

नकाशात चंद्र नसतो, ही त्याची एक मोठी उणीव. भरतीची उंची त्याच्यावर. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो, अष्टमीच्या आसपास तो बराच कमी होतो. वादळाने वर ढकललेलं पाणी यातल्या कशावर येऊन बसतं त्यावर खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीचं भवितव्य. तौक्ते आलं तेव्हा अमावस्या होऊन चार-पाच दिवस झाले होते, उधाण ओसरत आलेलं. क्यारच्या वेळी उलट. दिवाळीची अमावस्या जवळ येत होती तशी भरतीही रोज थोडी वर.

चोडणला माझा भाऊ बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघतो. मानशीची लाकडी झडप ओहोटीला आपोआप उघडते आणि आतलं पाणी नदीत सोडते, भरतीला नदीच्या दाबाने बंद होते. पश्चिमेचा वारा पाणी मांडवीच्या मुखातून आत रेटायला लागला आणि वरून डिचोली-सत्तरीतला पाऊस नदीतून खाली आला, की ओहोटीलाही पाणी पुरेसं उतरत नाही. झडप उघडतच नाही. आत पडलेला पाऊस आत राहतो आणि भात खालून कुजतं, किनाऱ्यावर वादळ चढलेलं असो वा नसो. म्हणून त्याचा फोन आला की प्रश्न दोनच असतात: "ताई, वारो खंयच्यान? आनी भरती कितलें वाजतां?" केंद्राचे अक्षांश-रेखांश मी एकदा सांगून पाहिले. त्याने शांतपणे ऐकले आणि पुन्हा तेच दोन प्रश्न विचारले.

यंदा बांधाला वायव्येच्या कोपऱ्यात, जिथे नदी वळते तिथेच, खांड पडली आहे. कंत्राटदार आधी चवथीनंतर म्हणत होता, आता दिवाळीनंतर म्हणतो. भावाला माती दिवाळीच्या अमावस्येआधी हवी आहे, आणि दोघांचं फोनवर रोज वाजतं.